मी, रोजच्या वापराची वेगवान गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. निळी, बुटकी आणि लांब नाकाची. या क्षणी माझ्या अंगावर खिडक्यांपर्यंत चिखल आहे, मागच्या सीटवर गवताच्या काड्या पडल्या आहेत आणि डिकीत रबरी बुटांचा एक जोड वास मारतो आहे. आता रस्त्यात थांबून माझ्याकडे कुणी पाहत नाही. मला त्याचे अजिबात वाईट वाटत नाही. जे थांबून पाहायचे, त्यांना मी चांगली ओळखून आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. साध्या गाड्यांत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते आणि उरलेली दोन नुसती सोबत फिरतात. माझ्यात ती चारही चाकांना मिळते. एक चाक चिखलात फिरत राहिले, तर बाकीची मला ओढून बाहेर काढतात. मला बाहेर पाठवण्याआधी एका चालकाने पाणी सोडलेल्या उतारावर जोरात वळवून पाहिले. मी तसूभरही घसरले नाही. तो उतरला आणि माझ्या टपावर थाप मारून म्हणाला, "हिला चांगले रस्ते देऊ नका, वाईट द्या." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. पुढे कौतुक फार झाले, पण अकलेचे म्हणावे असे बराच काळ पुन्हा झाले नाही.

तिथून मी एका शोरूममध्ये आले. भिंती काचेच्या, फरशी इतकी चकचकीत की मला माझे पोट दिसे. तिथला विक्रेता गिऱ्हाईक येताना पाहिले की आधी केस सारखे करी आणि मग हसू. एका सकाळी त्याच्याकडे तिघे जण आले. एक चष्म्याचे दुकानदार, त्यांची बायको आणि दुकानदारांचे वडील.

बायको पोहणे शिकवत असे. गळ्यात शिट्टी, केस कायम अर्धे ओले आणि बोलणे तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असे. तिने विक्रेत्याला सरळ सांगितले, "रोजच्या वापराला गाडी हवी. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. एक दिवसाआड त्यांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं असतं. शिवाय तलावावरचं सामान असतं माझं."

विक्रेत्याने त्यांना माझ्या शेजारच्या उंच, चौकोनी गाडीकडे नेले. दिसायला ती पाव ठेवायच्या डब्यासारखी होती. बाबांनी दार उघडले, कमरेच्या उंचीवरच्या सीटवर बूड टेकवले, पाय आत घेतले आणि म्हणाले, "ही बरी आहे."

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण तेवढ्यात चष्मेवाल्यांनी मला पाहिले.

विक्रेता मुरलेला होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, ही सगळ्यांसाठी नसते." बस्स. एवढ्या एका वाक्यावर तो पन्नाशीचा गृहस्थ हरभऱ्याच्या झाडावर जो चढला, तो खाली उतरलाच नाही. त्याने माझे नाक कुरवाळले, स्टिअरिंग धरून तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. हो, तोंडाने! शोरूममध्ये, चार माणसांसमोर.

"अहो, आपण रोजच्या वापराची गाडी बघतोय," बायको म्हणाली.

"मग ही काय सणासुदीची आहे? चार दरवाजे आहेत, डिकी आहे. सेडानच आहे ही. आणि रोज चालवायची म्हणजे चालवताना काहीतरी वाटलं पाहिजे की नाही?"

"तुम्हाला काय वाटतं ते राहू दे. बाबा बसणार कसे?"

"अगं, चारही चाकं ओढतात हिची! पावसापाण्यात हिच्याइतकी सुरक्षित दुसरी नाही. बाबांसाठीच तर घेतोय."

मित्रांनो, मी धातूची आहे, मला लाज वाटायचे कारण नाही. तरीही ते 'बाबांसाठीच' ऐकून मला माझ्या काचा खाली कराव्याशा वाटल्या.

बाबांना माझ्यात बसवून पाहिले. ते बसले नाहीत, पडले. माझी सीट जमिनीला लागलेली, दार अरुंद आणि टप असा उतरता की आत येताना त्यांची टोपी निघाली. बाहेर काढताना मुलाने एक हात ओढला, सुनेने दुसरा. बाबा शिंपी होते. मोठमोठ्यांचे कोट त्यांनी शिवले होते आणि कोट घालून आरशासमोर खुललेल्या माणसाला नाराज करायची त्यांना सवयच नव्हती. मुलाचा उजळलेला चेहरा पाहून ते धापा टाकत म्हणाले, "छान आहे."

आणि मी त्या घरी गेले.

तुम्हाला वाटेल, आता माझ्या पराक्रमाच्या कहाण्या येतील. ऐका तर मग. घरापासून चष्म्याच्या दुकानापर्यंतचा रस्ता सरळ, सपाट आणि गाड्यांनी तुंबलेला होता. तिथे सायकलवाले मला मागे टाकून जात. चष्मेवाले मात्र बसल्या बसल्या 'स्पोर्ट' लिहिलेले बटण दाबत, सिग्नलला उगीच इंजिन गुरगुरवत आणि बाजूच्या बसमधले कुणी पाहते आहे का, ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासत. बसमधले लोक पेंगत असत. सिग्नल सुटला की मी जोरात उसळायचे आणि लगेच पुढच्या गाडीच्या मागे कचकन थांबायचे. त्यांनी माझे नाव 'वाघीण' ठेवले होते. म्हणायचे वाघीण आणि चालवायचे शेळीसारखे. दर गतिरोधकावर माझे पोट घासायचे, आणि ते "आई गं!" असे ओरडायचे की जणू पोट त्यांचेच आहे.

एकदा दुपारी रस्त्यावर पाणी साठले. हीच माझी वेळ, असे मला वाटले. पण त्यांचे तळवे घामाने इतके ओले झाले की स्टिअरिंग बुळबुळीत लागू लागले. ते मला कडेने, बैलगाडीच्या चालीने दुकानापर्यंत घेऊन गेले. आत एक गिऱ्हाईक नंबर तपासायची जड चौकट नाकावर घेऊन बसले होते, त्याला हलताही येत नव्हते. त्याला त्यांनी ऐकवले, "आज म्हटलं बघूच. पाण्यातून अशी काढली गाडी! चारही चाकं जमिनीला चिकटून! खालची ओळ दिसते का?"

जिथे दिसत नाही तिथे पैसे घालायला त्यांचा हात धजत नसे. माझे टायर झिजले. माझ्यासारख्या गाडीचे चारही टायर सारखे लागतात, नाहीतर चाकांची आपसात ओढाताण होऊन आतले यंत्र खराब होते. त्यांनी पुढचे दोन तेवढे बदलले, तेही भलत्याच कंपनीचे. पण ब्रेकच्या झाकणांना मात्र लालभडक रंग दिला आणि डिकीवर एक पंखही बसवून घेतला. त्या पंखाचा उपयोग एकच झाला. पलीकडच्या घरातले मांजर त्यावर झोपू लागले.

खरी चालक होती त्यांची बायको. दुकान उघडले की ती मला तिथून घेऊन जाई. ती मला कधी नावाने हाक मारत नसे, कधी कुरवाळत नसे. बाबांना दवाखान्यात नेणे-आणणे तिच्याकडेच होते. तलावावरच्या मुलांच्या तरंगत्या फळ्या माझ्या डिकीत मावत नसत, म्हणून त्या बाबांच्या मांडीवर जात. लाल-पिवळ्या फळ्यांना मिठी मारून बाबा मुकाट्याने समोर बघत बसत. पोहोचल्यावर ती दार उघडे, त्यांचे दोन्ही पाय बाहेर घेई, काखेत हात घाली आणि म्हणे, "एक, दोन, हं!"

"सूनबाई, तू मला बुडताना वाचवतेस असं वाटतं," बाबा म्हणायचे.

"वाचवतेच आहे, बाबा. विहीर मात्र तुमच्या मुलानं विकत आणली."

दोघेही हसायचे. पण उतरल्यावर बाबा थोडा वेळ माझ्या टपावर हात टेकून उभे राहत.

आता जे सांगणार आहे, ते सांगायला मला आवडत नाही. पण ते गाळले तर माझी कहाणी म्हणजे नुसते त्या विक्रेत्याचे माहितीपत्रक होईल.

त्या दिवशी तलावावर मुलांच्या शर्यती होत्या. बायकोने निघताना नवऱ्याला बजावले, "आज बाबांना तुम्ही न्या. आणि दवाखान्यातून सरळ घरी आणा, कुठं थांबू नका. नवीन गोळ्यांमुळे त्यांना सारखं बाथरूमला जावं लागतं."

"कळतं गं मला. माझे वडील आहेत ते."

व्यायाम झाला. परतीच्या वाटेवर चष्मेवाल्यांचा फोन वाजला. त्यांच्यासारख्याच हौशी गाडीवाल्यांचे एक टोळके होते. सुट्टीच्या दिवशी एका कॉफीच्या दुकानामागे गाड्या उभ्या करायच्या, एकमेकांच्या इंजिनांत डोकी घालायची आणि ज्या वेगाने आपण कधी गेलो नाही त्या वेगाच्या गप्पा मारायच्या, हा त्यांचा कार्यक्रम. त्यांच्यात कुणीतरी नवा आला होता आणि त्याला मला बघायचे होते.

"बाबा, दोन मिनिटं हां," असे म्हणून त्यांनी मला एका चकचकीत गाडीला अगदी खेटून उभे केले आणि ते उतरले.

माझे नाक उघडले गेले. सगळे वाकले. कुणी म्हणाले, "काय ठेवलीय!" कुणी म्हणाले, "आवाज ऐकव ना." बाबा माझ्यात बसून होते. आधी त्यांनी पट्टा सोडला. मग काचेवर बोटाने टकटक केली. चष्मेवाल्यांनी न बघताच हात वर केला, "आलोच!" थोड्या वेळाने बाबांनी पुन्हा टकटक केली. मग ते मोठ्या कष्टाने बाजूला वाकले आणि त्यांनी माझा हॉर्न दाबला.

चष्मेवाले वळले आणि खो खो हसले. "बघा, आमच्या बाबांनाही राहवत नाहीये! वाघीण आवडलीय त्यांना!"

सगळे टोळके हसले.

तेव्हा बाबांनी दार उघडले. एक पाय कसाबसा बाहेर काढला. दाराची कड शेजारच्या चकचकीत गाडीपासून बोटभर अंतरावर होती. आणि मग, मित्रांनो, माझे मालक धावले. मला वाटले, वडिलांना हात द्यायला धावले. त्यांनी दार पकडले. "बाबा! दार! रंग जाईल ना त्याचा! बसा बरं आत, आलोच मी." त्यांनी वडिलांचा पाय उचलून आत ठेवला आणि दार बाहेरून लावून टाकले.

बाबांनी त्यानंतर काही केले नाही. हात मांडीवर ठेवून ते समोर बघत राहिले. त्यांनी राखाडी पँट घातली होती. ती त्यांनी स्वतः शिवलेली होती, हे तिच्या इस्त्रीवरून आणि शिवणीवरून कुणालाही कळले असते. थोड्या वेळाने माझ्या सीटला ऊब लागली आणि मग ती ऊब पसरत गेली. बाहेर कुणीतरी म्हणाले, "अजून एकदा आवाज!" आणि माझे इंजिन पुन्हा गुरगुरवले गेले. आयुष्यात स्वतःच्या आवाजाची किळस मला तेव्हा एकदाच आली.

घरी पोहोचल्यावर चष्मेवाल्यांनी वडिलांच्या बाजूचे दार उघडले आणि ते जागीच थांबले.

"अहो बाबा! सांगायचं तरी! ही सीट... चामड्याचे डाग निघत नाहीत हो!"

बायको नुकतीच तलावावरून परतली होती. ती फाटकातच उभी होती. तिने सगळे ऐकले.

"सांगितलं होतं," बाबा खाली बघून म्हणाले. "हॉर्न वाजवला होता मी."

ती काही बोलली नाही. तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारी ती बाई काही म्हणजे काही बोलली नाही. तिने खांद्यावरचा टॉवेल काढला, बाबांच्या कमरेभोवती गुंडाळला, काखेत हात घातला आणि त्यांना आत नेले. तोवर नवरा स्पंज आणि फेसाची बाटली घेऊन आलेला होता. माझी सीट त्या दिवशी फार मन लावून पुसली गेली. पुसणारा मधूनमधून च्... च्... करत होता. सीटसाठी.

दुसऱ्या दिवसापासून बाबा माझ्यात बसेनात. सुनेने टॅक्सी बोलावते म्हटले, तर म्हणाले, "नको. बरं वाटतंय मला. व्यायाम घरीच करीन." ते घरी व्यायाम करत नव्हते. मी अंगणातून पाहत असे. ते खिडकीपाशी खुर्चीवर बसून असत, पायांवर पांघरूण. आधी फाटकापर्यंत यायचे, मग पायरीपर्यंत, मग तेही बंद झाले. दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर सांगितले की गुडघे असेच आखडत गेले तर ऑपरेशन केलेले न केलेले सारखेच.

आपल्या वडिलांचे काहीतरी बिनसले आहे, हे शेवटी चष्मेवाल्यांच्याही लक्षात आले. त्यांनी उपायही शोधला. एका सकाळी मोठ्या उत्साहाने खिडकीखाली उभे राहून त्यांनी हाक मारली, "बाबा, चला! आता अजिबात काळजी नाही. सीटवर प्लास्टिक घातलंय!"

खिडकीचा पडदा आतून ओढला गेला.

बायको पायरीवर बसून बुटांचे बंद बांधत होती. तिचे हात थांबले. ती उठली, आली आणि तिने माझ्या सीटवरचे प्लास्टिक एका झटक्यात ओढून काढून कचऱ्यात टाकले. मग किल्ली घेऊन निघाली.

तलावावर रोज सकाळी एक गुरांची डॉक्टर पोहायला येई. तिचे काम डोंगरावरच्या गोठ्यांत. तिच्याकडे उंच, चौकोनी गाडी होती आणि ती गाडी ओल्या उतारांवर इतकी घसरे की आठवड्याला कुणाचा ना कुणाचा ट्रॅक्टर बोलवावा लागे, अशी तिची नेहमीची तक्रार. त्या दिवशी पोहणे झाल्यावर बायको तिला माझ्यापाशी घेऊन आली.

"हिची चारही चाकं ओढतात. तुमची मला द्या, ही तुम्ही घ्या."

डॉक्टरीण चिखलाच्या बुटांनिशी माझ्याखाली वाकली. "पोट फार खाली आहे हिचं. दगडांवर चालायची नाही. पण माझ्याकडे दगड नाहीत, चिखल आहे. थोडी उंच करून घेईन." मग तिला टायर दिसले. "पुढचे वेगळे, मागचे वेगळे? अशा गाडीला? हा शहाणपणा कुणाचा?"

"ब्रेकला लाल रंग ज्यांनी दिला, त्यांचाच."

दोघींनी मला डोंगराकडे नेले. डांबर संपले, ओले गवत आणि मऊ माती लागली आणि डॉक्टरणीने मला सरळ चढावर घातले. मागची दोन चाके घसरली, पुढच्या दोन्हींनी मला धरले आणि मी वर चढत गेले. जन्मल्यापासून ज्या कामासाठी मी होते ते इतक्या वर्षांनी माझ्याकडून कुणीतरी करून घेत होते. वर पोहोचल्यावर डॉक्टरीण एवढेच म्हणाली, "चालेल."

अदलाबदलीच्या दिवशी अंगणात आम्ही दोघी गाड्या शेजारी उभ्या होतो. चष्मेवाले दुकान अर्ध्यावर सोडून धावत आले.

"माझी वाघीण? मला न विचारता?"

"गाडी माझ्या नावावर आहे," बायको म्हणाली. "कर वाचतो म्हणून तुम्हीच केलीत."

"आणि त्या बदल्यात ही? ही पत्र्याची पेटी?"

तेवढ्यात घराचे दार उघडले. बाबा काठी टेकत, भिंतीला धरत पायरीवर आले. सून पुढे झाली, पण त्यांनी हातानेच तिला थांबवले. ते त्या पेटीपर्यंत चालत गेले, दार उघडले आणि सीटवर टेकले. मग उतरले. पुन्हा बसले आणि पुन्हा उतरले, कुणाचाही हात न धरता. कुठलीही घाई न करता त्यांनी पँटची घडी सारखी केली आणि मुलाकडे पाहिले.

"पेटी तर पेटी. पण हिच्यातून मी माझा मी उतरतो."

मुलाने मान खाली घातली, असे तुम्हाला सांगता आले असते तर मला बरे वाटले असते. त्याने फोन काढला, माझ्या नाकावर हात ठेवून स्वतःचा एक फोटो काढला आणि डॉक्टरणीला म्हणाला, "जपून चालवा हां. वाघीण आहे."

"नको हो," ती किल्ली फिरवत म्हणाली, "मला गायीगुरंच पुरेत."

पुढचे थोडक्यात सांगते. डॉक्टरणीने मला चार सारखे टायर घातले. तो पंख काढून टाकला. आता मी उतारावरच्या गोठ्यांत जाते, अडलेल्या गायींपाशी वेळेवर पोहोचते. माझ्या सीटवर शेण, औषधे आणि एकदा तर अख्खे वासरू येऊन गेले. तलावापाशी कधी कधी ती पेटी माझ्या शेजारी उभी राहते. बाबा दवाखान्यातून परतताना सुनेबरोबर तिथे येतात. परवा उतरताना सुनेने सवयीने हात पुढे केला, तर तिच्यावरच डाफरले, "हात काढ. येतं मला!" चष्मेवाले आता दुकानापर्यंत पायी जातात आणि गिऱ्हाइकांना अजूनही सांगतात की एके काळी आपल्याकडे काय गाडी होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्यापाशी एक विनवणी करतात, आम्हाला जपा म्हणतात. मी तसे म्हणणार नाही. मी पत्रा आहे, रबर आहे, चामडे आहे. मला ओरखडे पडू द्या. माझे दार शेजारच्या गाडीवर आपटले तर आपटू द्या. आत कुणी काचेवर टकटक करत असेल, तर हातातले सगळे सोडून पळत या आणि आधी त्याला बाहेर काढा. आणि उशीर झालाच, त्याचे कपडे ओले झालेच, तर काही न बोलता त्याला टॉवेल गुंडाळा आणि घरात न्या. सीट नंतर पुसा. नाही पुसलीत तरी चालेल. सीटला काही कळत नाही.